लेख दिसतो, पण उघडत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळणाऱ्या ऑनलाइन डेटाबेसबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे. लेखाचे नाव दिसते, सारांश दिसतो आणि पुढच्या क्लिकला डॉलरचा आकडा येतो. त्या पानावर कार्डाचा नंबर टाकण्याआधी एवढे वाचून घ्या, ही कळकळीची विनंती. अनेकदा त्या लेखाचे पैसे तुमच्या वतीने आधीच भरलेले असतात.

प्रश्न : शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. विभागात बसून पेपर उघडतो. घरी आले की तोच पेपर चाळीस डॉलर मागतो. असे का? (संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

प्रकाशक तुम्हाला ओळखत नाही, तो तुमच्या इंटरनेटचा पत्ता ओळखतो. विद्यापीठाने आपल्या नेटवर्कचे आयपी पत्ते प्रकाशकाला कळवलेले असतात. त्या पत्त्यावरून कोणीही आले की दार उघडते. घरच्या वायफायचा किंवा मोबाइल डेटाचा पत्ता त्या यादीत नसतो. ग्रंथालयाच्या खुर्चीत बसूनही फोन मोबाइल डेटावर असेल किंवा इंटरनेटचा पत्ता बदलणारे व्हीपीएनचे ॲप चालू असेल, तरी हेच होते. म्हणून आधी प्रकाशकाच्या पानाच्या वरच्या पट्टीत 'ॲक्सेस प्रोव्हायडेड बाय' या शब्दांपुढे विद्यापीठाचे नाव आहे का ते बघा. नाव नसेल तर अडचण लेखात नाही, जोडणीत आहे.

घरून वाचण्यासाठी इन्फेड ही व्यवस्था आहे. गुजरातमधल्या गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते. तिचे लॉगिन ग्रंथालयाकडून मिळते. विद्यापीठात हे काम बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्राकडे आहे. लॉगिन हाती आल्यावर लेखाच्या पानावर 'ॲक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन' किंवा 'इन्स्टिट्यूशनल लॉगिन' असे बटण शोधा. संस्थेच्या चौकटीत विद्यापीठाचे नाव टाइप करा आणि खाली उघडणाऱ्या यादीत कोल्हापूरचेच निवडा, कारण 'शिवाजी' नावाच्या संस्था बऱ्याच आहेत. मग इन्फेडचे पान येईल. तिथे ग्रंथालयाने दिलेले नाव आणि पासवर्ड टाकायचा, जीमेलचा नव्हे. ते बरोबर असले की तुम्ही परत त्याच लेखावर पोहोचता.

इथे चुकते ते साधारण तीन ठिकाणी. काही जण लॉगिनचे पान बुकमार्क करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच शिरतात. मग 'स्टेल रिक्वेस्ट' अशी सूचना येते. ते पान एका वेळेपुरतेच तयार झालेले असते, म्हणून सुरुवात नेहमी लेखापासून करावी. ब्राउझरमध्ये कुकी बंद असतील तर पासवर्ड बरोबर असूनही पान गोल फिरत राहते. तिसरे म्हणजे, लॉगिन झाले, विद्यापीठाचे नावही दिसले, तरी लेख बंदच. अशा वेळी ते नियतकालिक किंवा तेवढे जुने वर्ष वर्गणीत नसते. त्यानंतरच्या वाटा अशा : गूगल स्कॉलरमध्ये लेखाच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' बघा, अनपेवॉल हे मोफत एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडा, लेखाची कायदेशीर खुली प्रत कुठे असेल तर ते दाखवते, आणि पत्रव्यवहारासाठी ज्याचा ईमेल लेखावर दिलेला असतो त्या लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. लेखकांना आपला लेख वाचला जाण्यात रस असतो, त्यामुळे ही वाट लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त वेळा चालते.

प्रश्न : आमचे कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे. कोणी एन-लिस्ट म्हणतात, कोणी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. आमच्यासाठी कोणते? (प्राध्यापक, गडहिंग्लज)

दोन्ही वेगळ्या योजना आहेत. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात येतात. एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही त्यांतली ओळखीची नावे. लाभ मिळतो तो केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० हून अधिक उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. विद्यापीठ सरकारी असले म्हणून त्याच्याशी संलग्न असलेले प्रत्येक कॉलेज आपोआप आत येत नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची जुनी योजना. कॉलेज वार्षिक वर्गणी भरते आणि ग्रंथपाल प्रत्येक प्राध्यापक-विद्यार्थ्याचे नाव व ईमेल नोंदवून लॉगिन काढून देतात. हे लॉगिन व्यक्तीच्या नावावर असते, त्यामुळे ते गडहिंग्लजच्या घरूनही चालते. तिच्यातल्या साहित्याची यादी बदलत असते, म्हणून मागच्या वर्षीच्या पत्रकावर विसंबू नका. लॉगिन करून चालू यादी बघा.

ग्रंथपालांना तीन गोष्टी विचारा : कॉलेज कोणत्या योजनेत आहे, यंदाची वर्गणी भरली आहे का, आणि माझे लॉगिन सुरू आहे का. तुमच्याकडे पीएच.डी.चे विद्यार्थी असतील तर त्यांना आणखी एक वाट आहे. ते कॉलेजच्या संशोधन केंद्रात बसत असले तरी त्यांची नोंदणी विद्यापीठात झालेली असते. नोंदणीचे पत्र आणि ओळखपत्र घेऊन त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे लॉगिनची मागणी करावी.

प्रश्न : गुऱ्हाळातल्या चुलवाणाची इंधनबचत हा माझा विषय. 'जॅगरी' टाकले तर हजारो लेख येतात, निम्मे मिठाईवरचे. 'जॅगरी फर्नेस कोल्हापूर' टाकले तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. मधले काही नाही का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कागल)

आहे, आणि ते शब्दांच्या निवडीत आहे. तुमचा पहिला शोध फार सैल होता. डेटाबेस संपूर्ण मजकुरात शब्द शोधत असेल तर ज्या लेखात गूळ एका ओळीत येऊन गेला तोही समोर येतो. शोध शीर्षक, सारांश आणि सूचकशब्द एवढ्यापुरता मर्यादित करा, हजारोंचे शेकडो होतील. दुसरा शोध फार आवळला. चुलवाणावर काम करणाऱ्या माणसाने सारांशात कोल्हापूरचे नाव लिहिलेच असेल असे नाही. तंत्राच्या विषयात गावाचे नाव पहिल्या शोधात घालू नये.

आता गुळाकडे येऊ. जगात गुळाला एक नाव नाही. कोलंबियात तो पनेला, ब्राझीलमध्ये रापादुरा, मेक्सिकोत पिलोन्सिलो, जपानमध्ये कोकुतो, फिलिपिन्समध्ये मस्कोवाडो. भारतीय लेखक जॅगरी किंवा गुर लिहितात. शास्त्रीय लेखनात या सगळ्यांना मिळून 'नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर' म्हणतात, म्हणजे मळी (मोलॅसिस) वेगळी न काढलेली साखर. कोलंबियात पनेलाच्या भट्ट्यांवर अभियांत्रिकीचे काम झाले आहे. त्यांचे इंधनही उसाचे चिपाडच. फक्त 'जॅगरी' टाइप करणाऱ्याला ते बहुधा भेटत नाही.

शोध दोन गटांत बांधा. पहिल्या कंसात वस्तूची नावे : जॅगरी, पनेला, नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर. दुसऱ्या कंसात तुमचा मुद्दा : फर्नेस, थर्मल एफिशिअन्सी, बगॅस, ओपन पॅन. शब्द अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचे. प्रत्येक कंसातले शब्द 'ऑर'ने (यांपैकी कोणताही) जोडा आणि दोन कंस 'अँड'ने (दोन्ही हवेत). हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहा. दोन-तीन शब्दांची संज्ञा दुहेरी अवतरणांत ठेवा, नाहीतर 'ओपन' आणि 'पॅन' वेगवेगळे शोधले जातात.

कंस कधीही गाळू नका. लेखांची सूची देणाऱ्या डेटाबेसांपैकी स्कोपस आधी 'ऑर' सोडवतो आणि मग 'अँड'. वेब ऑफ सायन्समध्ये क्रम उलटा, आधी 'अँड'. त्यामुळे एकच ओळ दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल देते आणि विद्यार्थ्याला वाटते की एक डेटाबेस वाईट आहे.

प्रत्येक डेटाबेसच्या आणखीही खोडी असतात. स्कोपसमध्ये शब्दाच्या शेवटी तारांकन दिले की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द येतात. एल्सव्हिअरच्या सायन्सडायरेक्टमध्ये तारांकन चालत नाही, आणि एका चौकटीत आठच जोडशब्द चालतात. गुळाची वरची सात नावे आणि 'नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर' असे आठ शब्द जोडले की सात 'ऑर' खर्च झाले. पुढे एकच 'अँड' बसतो, नववा जोडशब्द टाकला की चुकीची सूचना येते. तिथे शोध दोन तुकड्यांत करावा. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत तारांकनाआधी निदान चार अक्षरे लागतात. गूगल स्कॉलर कितीही मोठा आकडा दाखवो, प्रत्यक्षात पहिले हजारच निकाल बघता येतात.

'गुर' हा शब्द जपून वापरा. ते आडनावही आहे आणि पश्चिम आफ्रिकेतल्या एका भाषासमूहाचे नावही. तो शीर्षकापुरता ठेवा आणि सोबत 'शुगरकेन' जोडा.

एक चांगला लेख सापडला की शोधाची चौकट बाजूला ठेवून दोन्ही दिशांनी चालत जा. त्याच्या संदर्भसूचीतून मागे, आणि 'सायटेड बाय'मधून पुढे. चुलवाणासारख्या अरुंद विषयात अनेकदा चौकटीपेक्षा या वाटेने जास्त हाती लागते. आणि एक वही ठेवा : तारीख, डेटाबेस, टाइप केलेली ओळ जशीच्या तशी, किती निकाल आले. सहा महिन्यांनी मार्गदर्शक विचारतील की हे कसे शोधले, तेव्हा आठवणीतून ती ओळ परत जुळत नाही.

प्रश्न : स्कोपसमध्ये लेख सापडतो, पण पीडीएफ मिळत नाही. आमचे लॉगिन अर्धवट आहे का? (विद्यार्थी, जयसिंगपूर)

नाही. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सूचीचे डेटाबेस आहेत. लेख कुठे छापला, कोणी उद्धृत केला, सारांश काय, एवढेच ते सांगतात. पूर्ण लेख प्रकाशकाकडे असतो. 'व्ह्यू ॲट पब्लिशर' दाबा, तिथे वर्गणी असेल तर उघडेल. याउलट सायन्सडायरेक्ट, जेस्टोर, आयईईई एक्सप्लोअर हे पूर्ण मजकुराचे.

प्रश्न : मराठी ग्रामीण कादंबरीवरचे जुने प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात शोधते. विद्यापीठात झालेले प्रबंध असूनही शोधात येत नाहीत. आलेल्या प्रबंधातून उतारा कॉपी केला तर भलतीच इंग्रजी अक्षरे उमटतात. (प्राध्यापिका, इचलकरंजी)

दोन्ही अडचणींचे मूळ लिपीत आहे. जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि वर फक्त मराठीचे चित्र दिसते. कॉपी केले की आतले बाहेर येते. त्याहून जुने प्रबंध तर स्कॅन केलेली छायाचित्रे आहेत, त्यांतून शब्द निवडताही येत नाही. अशा प्रबंधांचा मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही, म्हणून तुमचा शोध फक्त शीर्षक, लेखक, मार्गदर्शक आणि विभाग यांच्या नोंदीवर चालतो.

ती नोंद कुठे देवनागरीत आहे, कुठे रोमनमध्ये, कुठे इंग्रजी भाषांतरात. 'ग्रामीण कादंबरी' तिन्ही प्रकारे शोधा. रोमनमध्ये 'ग्रामीण'चा 'मी' एका 'आय'नेही लिहितात आणि दोन 'ई'नेही. देवनागरीत ऱ्हस्वदीर्घ बदलून बघा. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते, एकसंध किंवा 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखी असली तरी शोधयंत्राला ती वेगळी वाटू शकतात. 'ऱ्या'मधल्या अर्ध्या 'र'चेही तसेच. अशी अक्षरे असलेला शब्द टाळून शेजारचा साधा शब्द घेतला की काम होते.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे शोधचौकट सोडून यादी चाळणे. विद्यापीठ निवडा, मग विभाग, मग वर्षानुसार यादी. एका विभागाची यादी संध्याकाळभरात डोळ्यांखालून जाते. मार्गदर्शकाच्या नावानेही बघा, कारण एका मार्गदर्शकाकडे जवळचे विषय एकत्र सापडतात. शोधगंगेवर प्रबंध एका फाइलीत नसतो, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. संदर्भसूचीची फाइल आधी उतरवा. ती पाहून प्रबंध आपल्या कामाचा आहे का ते कळते. प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) नियम २००९चा आहे. त्याआधीचा प्रबंध यादीत नसेल तर तो नाहीच असे समजू नका, ग्रंथालयात छापील प्रत असू शकते.

प्रश्न : राजर्षी शाहूंच्या काळातील वेदोक्त प्रकरणावर इंग्रजी लेख हवे आहेत. जेस्टोरवर फार थोडे दिसतात. (इतिहासाचा विद्यार्थी, कसबा बावडा)

स्पेलिंग बदला. जुन्या इंग्रजीत कोल्हापूरच्या शेवटी दोन 'ओ' येतात, कधी मधला 'एच' गळतो. 'छत्रपती'त एक 'एच' की दोन, 'सत्यशोधक' एक शब्द की दोन, 'ब्राह्मण' शेवटी 'ए'ने की 'आय'ने, हे प्रत्येक लेखकाचे वेगळे. शिवाय १८९९च्या या प्रकरणावरचे बरेचसे लेखन 'नॉन-ब्राह्मण मूव्हमेंट' या मोठ्या शीर्षकाखाली आहे, तिथेही बघा. मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक जेस्टोरवर आहेत. अनेक नियतकालिकांचे अगदी ताजे अंक मात्र तिथे नसतात, ती व्यवस्थाच तशी आहे. त्या वर्षांसाठी प्रकाशकाच्या पानावर जावे लागते.

मूळ साधने हवी असतील तर डेटाबेसवर वेळ घालवू नका. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरचा खंड १८८६चा आहे आणि तो मोफत वाचता येतो. त्यातून आधीची पार्श्वभूमी मिळेल. विद्यापीठाने प्रसिद्ध केलेले राजर्षी शाहू छत्रपती पेपर्सचे खंड ग्रंथालयात हातात घेऊनच बघावे लागतील.

प्रश्न : प्रकल्पासाठी एका रात्रीत तीनशेच्या आसपास पेपर उतरवले. सकाळी पान उघडेना, आणि विभागातल्या इतरांचेही बंद. (संशोधक, विद्यापीठ वसतिगृह)

एकामागून एक वेगाने फाइली उतरू लागल्या की प्रकाशकाची यंत्रणा ती यंत्राने केलेली उचल समजते आणि तो आयपी पत्ता बंद करते. सगळे विद्यापीठ मोजक्या पत्त्यांमधून बाहेर पडत असेल तर एकाच्या घाईची शिक्षा सगळ्यांना होते. अशी यंत्राने उचल करायची नाही, ही अट करारात असते. डाउनलोड मॅनेजर किंवा पानावरच्या सगळ्या पीडीएफ ओढणारे एक्स्टेन्शन वापरले असेल तर आधी काढून टाका.

लपवू नका. ग्रंथालयाला लगेच कळवा : कोणता प्रकाशक, किती वाजता, कोणत्या यंत्रावरून. ग्रंथालयाने खुलासा पाठवला की प्रवेश पूर्ववत होतो. कोणी बोललेच नाही तर तो अडकून पडतो. पुढच्या वेळी पीडीएफऐवजी नोंदी उतरवा. निकालांवर खुणा करून 'एक्सपोर्ट'मधून आरआयएस फाइल घेतली की शेकडो नोंदी सारांशासह एका फाइलीत येतात. सारांश वाचून चाळीस निवडा आणि तेवढेच पेपर उघडा. खरोखर हजारो लेखांच्या मजकुराचे विश्लेषण करायचे असेल तर प्रकाशकांची त्यासाठी वेगळी परवानगी असते. ती ग्रंथालयामार्फत मागावी.

त्या आरआयएस फाइली झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. ते मोफत आहे, सोबत ३०० एमबी ऑनलाइन जागा मिळते. पीडीएफमुळे ती लवकर भरते, म्हणून फक्त नोंदी सिंक करा आणि फाइली आपल्या संगणकावर ठेवा. आयात झाल्यावर मराठी नावे तपासा. वडिलांचे नाव आडनावाच्या चौकटीत गेलेले असते आणि सूचीचा अक्षरक्रम बिघडतो.

प्रश्न : 'स्कोपस इंडेक्स्ड, १५ दिवसांत प्रकाशन' असा मेसेज आला आहे. पैसे भरू का? (सहायक प्राध्यापक, सांगली)

भरू नका. परीक्षणाला पंधरा दिवस पुरत नाहीत, इथेच संशय घ्यायला हवा. स्कोपसची नियतकालिकांची यादी वर्गणीशिवाय बघता येते. तिथे नावाने नव्हे, आयएसएसएन या नियतकालिकाच्या ओळखक्रमांकाने शोधा, कारण मिळतीजुळती नावे मुद्दाम घेतलेली असतात. सापडले तर समावेशाची वर्षे वाचा. २०२१ किंवा २०२२ला थांबलेली दिसली तर आता छापलेला लेख स्कोपसमध्ये जाणार नाही. मेसेज पाठवणारा 'इंडेक्स्ड' म्हणतो तेव्हा अनेकदा हेच असते. वर्षेही चालू असतील तर प्रकाशकाचे नाव आणि संकेतस्थळ आयएसएसएनच्या नोंदीशी ताडून बघा. खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक उचलून बनावट संकेतस्थळे उभी केली जातात.

यूजीसी-केअर या नियतकालिकांच्या यादीचा हवाला कोणी देत असेल तर ती यादी बंद झाल्याचे यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केले आहे. त्याऐवजी निकष सुचवले आहेत आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे.

प्रश्न : प्रबंधाची साम्य तपासणी (प्लेजरिझम चेक) आधीच घरी करून बघितली तर चालेल का? १० टक्के म्हणजे नक्की काय? (संशोधक विद्यार्थिनी, कराड)

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६०ला एक वर्ष सादरीकरणास मनाई, आणि ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आभार, संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, सर्वसाधारण संज्ञा, कायदे आणि प्रमाणित समीकरणे मोजणीतून वगळली जातात. सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्यही धरले जात नाही. अहवाल हाती आला की आधी हे वगळले आहे का ते बघा. सूची न वगळल्याने आकडा फुगलेला असतो आणि विद्यार्थी विनाकारण वाक्ये मोडत बसतो.

अनोळखी मोफत संकेतस्थळावर प्रबंध चढवू नका. तिथे तो साठवला गेला तर पुढच्या अधिकृत तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्या विरुद्ध साम्य म्हणून उभा राहू शकतो. शोधशुद्धी या साम्य तपासणीच्या योजनेतले सॉफ्टवेअर विद्यापीठामार्फत मिळते. तिथेही मसुदा तपासताना तो भांडारात साठवू नये, असे आधीच सांगा.

प्रश्न : मी विद्यार्थी नाही, शेतकरी आहे. क्षारपड जमिनीवर झालेले संशोधन वाचायचे आहे. मला हे दार बंदच का? (वाचक, शिरोळ)

बंद नाही. तुमच्या विषयातले बरेच साहित्य लॉगिनशिवाय मिळते. कृषिकोश या संकेतस्थळावर कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचेही. काहींचा पूर्ण मजकूर उघडतो, काहींचा सारांशच. भारतीय कृषी संशोधन परिषदेची नियतकालिके तिच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. खुल्या नियतकालिकांची डीओएजे ही सूचीही सर्वांसाठी आहे. जेस्टोरवर स्वतःचे मोफत खाते उघडले तर ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात, उतरवता येत नाहीत.

'क्षारपड'साठी इंग्रजीत तीन वेगळे शब्द लागतील. सलाइन म्हणजे क्षार वाढलेली, सोडिक म्हणजे चोपण, वॉटरलॉग्ड म्हणजे पाणी धरून बसलेली. उपाय वेगवेगळे आहेत : सलाइनला निचरा आणि क्षार धुऊन काढणे, सोडिकला जिप्सम. म्हणून आधी माती तपासणीच्या कागदावर सामू, विद्युतवाहकता आणि विनिमययोग्य सोडियम बघून आपली जमीन कोणती ते ठरवा आणि तोच शब्द शोधा. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकण्याच्या पद्धतीला 'सबसरफेस ड्रेनेज' म्हणतात. तो शब्द 'शुगरकेन'ला जोडला तर तुमच्या भागाशी मिळतेजुळते प्रयोग वर येतील.

वर्गणीतलाच एखादा लेख हवा असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष जा. अनेक प्रकाशकांच्या करारात तिथल्या संगणकावर बसून वाचणाऱ्या बाहेरच्या वाचकाला मुभा असते. प्रवेशाचा नियम मात्र प्रत्येक ग्रंथालयाचा आपला असतो, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. जाताना ओळखपत्र, लेखाचे पूर्ण शीर्षक, वर्ष आणि असेल तर डीओआय हा लेखाचा ओळखक्रमांक कागदावर लिहून न्या. एवढे हाताशी असले की ग्रंथालयातल्या माणसाला तुमचा लेख काढून द्यायला फार वेळ लागत नाही.